अंबाभवानीचा नरहरी

मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांवरची एक गाडी होती. साऱ्या वऱ्हाडाने तिला शकुंतला म्हटले. आता ती धावत नाही. माझ्या लहानपणी मात्र आम्ही कारंज्याला जायचो ते तिनेच. गाडी इतक्या निवांतपणे चाले की कोणी उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा डब्यात चढला तरी त्याचे कोणाला नवल वाटत नसे. १९६६ च्या हिवाळ्यात त्या गाडीने मी पहिल्यांदा कारंज्याला गेलो. आई खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर डोके टेकून माझा धाकटा भाऊ झोपला होता. त्याला सातवे वर्ष लागले होते आणि तोवर त्याने एकही शब्द उच्चारला नव्हता.

आम्ही गुरुमंदिरात निघालो होतो. आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह दरवर्षी होई. पोथी बाबा वाचत. बायकांनी ती ऐकायची, हाती घ्यायची नाही, असा घरचा दंडक होता. आईला तिचे कित्येक अध्याय ऐकून ऐकून पाठ झाले होते. त्यातला अकरावा अध्याय लागला की ती हातातले काम टाकून दाराशी येऊन उभी राही. नरहरीचा जन्म त्या अध्यायात आहे. जन्मल्यावर ॐकाराशिवाय काही न बोललेला, सात वर्षे मुका म्हणून गणला गेलेला कारंज्याचा हा मुलगा पुढे श्रीनृसिंहसरस्वती म्हणून साऱ्या दक्षिणेत पूज्य झाला. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही नावे ज्याला ठाऊक नाहीत असा मराठी माणूस विरळा. पण वाडी-गाणगापूरच्या स्वामींपेक्षा कारंज्यातल्या त्या न बोलणाऱ्या पोराचे आणि त्याच्या आईबापाचे चरित्र मला अधिक जवळचे वाटते. आज लिहायचे आहे ते त्याविषयी.

परंपरा त्यांचा जन्म शके १३००, म्हणजे इ.स. १३७८ मधला, पौष शुद्ध द्वितीयेचा मानते. तेव्हा दख्खनेत बहामनी सुलतानांचे राज्य होते आणि गुलबर्गा त्यांची राजधानी होती. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे सोळाव्या शतकातले, म्हणजे स्वामींच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी आलेले. स्वामींचा एक शिष्य सायंदेव; त्याच्या वंशात त्यांचा जन्म झाला. त्यामुळे आपल्या हाती आहे ती भक्ताने भक्तांसाठी सांगितलेली कथा. तिच्यातला चमत्कार काढून इतिहास तेवढा गाळून घेण्याचा खटाटोप मी करणार नाही. तसे करायला गेले तर दोन्हीही हातचे जातात. मात्र ही कथा सांगणाऱ्याला माणसांचे घर नीट ठाऊक होते, हे तिच्यातल्या बारीकसारीक तपशिलांवरून मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

नरहरीची गोष्ट कारंज्यात सुरू होत नाही, ती कृष्णेच्या काठी कुरवपुरात सुरू होते. पोथीचा आठवा अध्याय पाहा. तिथे एक विद्वान ब्राह्मण आणि त्याची बायको अंबिका राहतात. मुले होतात आणि जातात. एकच वाचतो, तो मंदबुद्धी. बाप वेदपारंगत, त्याला पोराला एक ऋचा शिकवता येत नाही. मग तो करतो ते आपल्याकडच्या पिढ्यान्पिढ्यांच्या बापांनी केले आहे: पोराला मारतो. अंबिका मध्ये पडते. इतक्या मुलांमागे हा एक उरला, त्याला विद्या येत नसेल तर न येवो, पण मारहाण केलीत तर मी जीव देईन, अशा अर्थाचे ती नवऱ्याला सुनावते. बाप गप्प होतो आणि काही काळाने मरून जातो. मायलेक भिक्षेवर जगतात. पोर मोठे होते तसे लोक त्याला टोचू लागतात. बाप केवढा पंडित आणि मुलगा हा असा! अखेर तो नदीत जीव द्यायला निघतो, तेव्हा आई त्याला अडवत नाही. तीही त्याच्याबरोबर निघते.

नदीकाठी त्यांना श्रीपाद श्रीवल्लभ भेटतात, ही श्रद्धेची बाजू झाली. ते मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात, तो ज्ञानी होतो आणि अंबिकेला पुढच्या जन्मी तुझ्या पोटी माझ्यासारखा पुत्र येईल असे वचन मिळते. पण श्रीपाद भेटण्याआधीच्या दहा पावलांचा विचार करून पाहा. मुलाला अभ्यास येत नाही म्हणून एक आई पदर खोचून मरायला चालली आहे. असाच दुसरा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलांना समाजाने पदरात घ्यावे म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणी यांनी आपले देह टाकले आणि मागे ज्ञानेश्वरादी चार भावंडे उरली. मुलांच्या भल्यासाठी आईबापांनी मरावे, असे या समाजाने त्यांना किती सहज सांगितले आहे!

ती अंबिका पुढल्या जन्मी कारंज्यात अंबाभवानी झाली. शनिप्रदोषाचे व्रत करणारी, माधव नावाच्या शिवभक्ताची बायको. पोथीतले करंजनगर म्हणजे आपले लाड कारंजेच हे वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामींनी दाखवून दिले असे मानतात आणि ब्रह्मानंद सरस्वतींनी १९३४ मध्ये इथे पादुकांची स्थापना केली. गाव त्याहून फार जुने. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा चार वेशींचे, कापसाच्या बाजाराचे, जैनांच्या हस्तलिखित भांडारांचे. कोणा व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या चुन्यात कालवली, ही दंतकथा अजून गावात सांगतात. गाव आधी अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आले.

बाळ जन्मले ते ॐ म्हणतच. ज्योतिष्यांनी पत्रिका पाहून सांगितले की हा संसार करणार नाही. नाव ठेवले शालग्रामदेव, हाक मारायला नरहरी. इतके पुराणाच्या थाटाने सांगून झाल्यावर पोथीकार एकदम घरात शिरतो. अंबाभवानी नवऱ्याला म्हणते की माझे दूध बाळाला पुरत नाही, एखादी दाई पाहा, नाहीतर शेळी तरी आणा. अवताराची आई आणि तिची चिंता दुधाची! ते ऐकून बाळ हसते, तिच्या स्तनाला हात लावते आणि दुधाच्या बत्तीस धारा लागतात. भक्ताला त्या बत्तीस धारा महत्त्वाच्या. मला मात्र ती शेळी विसरता येत नाही. चमत्काराची वाट पाहत ती माउली बसली नव्हती. कमी कुठे पडते हे तिने ओळखले, बोलून दाखवले, आणि उपायही सुचवला.

मूल वाढले. पाळण्यात राहीना, भुईवर खेळू लागले. वर्ष झाले, दोन झाली, तीन झाली. बोलेना. एक ॐ सोडला तर तोंडातून काही नाही. मग सुरू झाले ते कोणाच्याही घरी होते तेच. कुलदेवतेला नवस झाले. कोणी सांगितले, रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घाला. कोणी म्हणाले, हा मुकाच. कोणी म्हणाले, याला ऐकूच येत नसेल. त्यावर तिसरा म्हणाला, छे, ऐकतो तर सगळे, सांगितलेले कळते त्याला, बोलत तेवढे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची ही चर्चा पोथीत आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. न बोलणाऱ्या मुलाविषयी आजच्या तज्ज्ञाचा पहिला प्रश्न तोच असतो: त्याला ऐकू येते का? सहाशे वर्षांपूर्वीच्या करंजनगराला हा प्रश्न सुचला होता.

आमच्या घराला सुचला नाही, असेही म्हणता येत नाही. आईला सुचला होता. भाऊ तीन वर्षांचा असताना एकदा तिने त्याच्या पाठीमागे पितळी परात मुद्दाम आपटली. मी दचकलो. गोठ्यातली गाय दचकली. तो मातीत रेघोट्या ओढत राहिला. आईने ते बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, तो आपल्यात रमलेला असतो, नरहरीसुद्धा असाच होता. आजीने मान डोलावली. बाबा वाईट नव्हते. कुरवपुरातल्या बापासारखे त्यांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. ते त्याच्यावर विश्वास टाकून बसले होते, आणि त्या विश्वासाला पोथीचा आधार होता. अशा माणसाशी वाद घालणे फार कठीण. आई पोथी हातात न घेणारी बाई. ती गप्प बसली.

माधव आणि अंबा यांनी सात वर्षे काय केले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पोथी त्यांच्या मुखी रागाचा एकही शब्द घालत नाही. कुरवपुरातला बाप मारणारा होता, कारंज्यातला बाप बसून राहणारा, चिंता करणारा, विचारणारा आहे. आपल्याला शंकरभवानीने पुत्र दिला, तो बोलत नाही, आता काय करावे, म्हणून आईबाप मुलासमोरच दुःख करतात. तेव्हा मुलगा उत्तर देतो, आणि ते खुणांनी देतो. कमरेला मौंजी आणि गळ्यात जानवे दाखवून तो सुचवतो की मुंज करा, मग बोलेन. त्याने हातात लोखंड घेतले ते सोने झाले, असेही पोथी सांगते. म्हणजे खर्चाची तजवीजही त्यानेच केली. आईबापांनी ती खूण वाचली. मूल शब्दाने बोलत नसले तरी सांगत असते, एवढे त्यांना कळले होते.

मुंजीचा प्रसंग पोथीकाराने मनापासून रंगवला आहे. गावात कुजबुज सुरू होते. एवढे द्रव्य हा ब्राह्मण कशासाठी उधळतो? मुक्याला गायत्री कशी शिकवणार? त्यावर कोणी शहाणा म्हणतो, त्याला गायत्री येवो न येवो, आपल्याला मिष्टान्न आणि दक्षिणा मिळते ना! पंगतीत बसणाऱ्यांचा हा स्वभाव सहाशे वर्षांत बदललेला नाही. बाप कानात मंत्र सांगतो, मुलगा मनातल्या मनात म्हणतो, बाहेर काही नाही. मग भिक्षावळ येते. पहिली भिक्षा आईने घालायची. अंबाभवानी पुढे होते. पहिली भिक्षा घालताच तिचा मुलगा ऋग्वेद म्हणू लागतो, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. कुजबुजणारे थिजून उभे राहतात.

आमच्या भावाची मुंज १९६७ च्या वैशाखात झाली. कारंज्याहून आल्यावर बाबांनी तिथी काढली होती. चार गावचे नातेवाईक आले. माझ्या भावाने लंगोटी नेसली, हातात दंड घेतला, मातृभोजनात आईच्या ताटातले लाडू आनंदाने खाल्ले. भिक्षावळीला आई तांदूळ घेऊन पुढे आली तेव्हा मांडवातले सगळे बोलायचे थांबले. ती शांतता मला आजही ऐकू येते. त्याने झोळी पुढे केली. आईने पहिली भिक्षा घातली. तो तिच्याकडे पाहून हसला. दुसरी घातली. तिसरी घातली. मग मागून कोणीतरी खोकले आणि भटजींनी पुढच्या बायकांना या म्हणून खूण केली.

रात्री बाबा ओसरीवर एकटे बसले होते. आई त्यांच्यापाशी गेली आणि उद्या आपण याला नागपूरला डॉक्टरकडे नेऊ, इतकेच म्हणाली. विचारले नाही, सांगितले. माझ्या आठवणीत तिने बाबांना असे सांगितलेली ती पहिली वेळ. नागपुरात कानाची तपासणी झाली. जन्मापासून दोन्ही कान जवळजवळ बंद. डॉक्टर तरुण होते, त्यांनी एवढेच विचारले की चार-पाच वर्षांपूर्वी का आणले नाही? बाबांजवळ त्याचे उत्तर होते, पण ते त्यांनी दिले नाही.

मूल जे ऐकत नाही ते बोलायला शिकत नाही, यात गूढ काही नाही. भाषा कानातून मेंदूत उतरते आणि तिचे पहिले काही हंगाम फार मोलाचे असतात. आता जन्मलेल्या बाळाच्या कानात एक बारीकशी नळी घालून काही मिनिटांत ही तपासणी करता येते, बाळ झोपलेले असले तरी चालते. श्रवणयंत्र, वाचा-उपचार, खुणांची भाषा, शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र हे सगळे जितक्या लवकर मिळेल तितके बरे. मुंबईत १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाने श्रवणदोषासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. १९६७ साली वऱ्हाडातल्या खेड्यात यातले काही पोहोचलेले नव्हते हे खरे. पण पितळी परात होती. मूल उशिरा बोलते, आमचा अमका पाच वर्षांनी बोलला, असे सांगणारे मामा-काका अजून प्रत्येक घरात आहेत. त्यातले काही खरेही सांगत असतात. तपासून घेतल्याने मात्र कोणाचे काही बिघडत नाही.

पोथीकडे वळतो, कारण नरहरीच्या आईची खरी परीक्षा पुढे आहे. मुलगा बोलू लागला, आणि बोलू लागताच म्हणाला की मी आता जातो. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागावी असा विधीच आहे, मला तीर्थे हिंडायची आहेत. सात वर्षे ज्याच्या तोंडच्या एका शब्दासाठी झुरलो त्याने पहिल्याच संभाषणात निरोप मागावा! अंबाभवानी कोसळली. तेव्हा त्याने तिच्या मस्तकावर हात ठेवला, आणि तिला कुरवपूर आठवले, श्रीपाद आठवले. तुला आणखी पुत्र होतील असे त्याने सांगितले. पण ती व्यवहारातली बाई. ते पुत्र पाहीपर्यंत तरी थांब, अशी तिने अट घातली. आणि तो थांबला. पुढे साऱ्या दक्षिणेचा गुरू होणारा मुलगा आईच्या शब्दाखातर वर्षभर कारंज्यात राहिला. तेवढ्यात गावोगावचे विद्यार्थी त्याच्याकडे वेद शिकायला येऊ लागले. अंबेला जुळे मुलगे झाले. ते तीन महिन्यांचे झाल्यावर त्याने पुन्हा निरोप मागितला, तीस वर्षांनी भेटेन असे सांगितले, आणि निघाला. आईबाप वेशीपलीकडे पोहोचवायला गेले.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वेशीपर्यंत पोहोचवणे म्हणजे काय, ते कारंजे नंतरही पाहत आले आहे. याच गावात १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल सुरू झाले. लहानग्यांना घरापासून दूर शिकायला ठेवण्याची ती रीत. माझ्या भावालाही आम्ही एका मूकबधिर विद्यालयाच्या वसतिगृहात ठेवले. तोवर तो नऊ वर्षांचा झाला होता. त्याला कुठे चाललो हे सांगायची भाषाच आमच्याजवळ नव्हती. आईने पाटीवर घर काढले, शाळा काढली, दोहोंमध्ये गाडी काढली, आणि मग ती गाडी उलट्या दिशेने काढून दाखवली: दिवाळीला परत. त्याला किती कळले कोण जाणे. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा तो ओरडला. त्याचा आवाज त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट ऐकला.

नरहरी काशीला गेला. तिथे वृद्ध कृष्णसरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला आणि नृसिंहसरस्वती हे नाव धारण केले. मग बदरीनाथ, गंगासागर, प्रयाग असे हिंडणे झाले. शिष्य जमले. बाळसरस्वती, कृष्णसरस्वती, उपेंद्रसरस्वती, माधवसरस्वती अशी त्यांची नावे पोथी देते. हा काळ पोथी फार भरभर सांगते, मीही तसाच सांगतो. तीस वर्षांनी, सांगितल्याप्रमाणे, ते कारंज्याला आले.

इथे मला समर्थ रामदास आठवतात. तेही लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले आणि चोवीस वर्षांनी जांबेला आईला भेटायला आले, तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. आपल्या संतांच्या चरित्रांत ही भेट पुन्हा पुन्हा येते. घर सोडलेला मुलगा एकदा तरी उंबऱ्याशी येतोच. नृसिंहसरस्वती आले तेव्हा अंबा आणि माधव दोघेही हयात होते. पाळण्यात सोडलेले जुळे भाऊ तिशीचे झाले होते. मागाहून झालेली बहीण रत्नाई लग्न होऊन संसाराला लागली होती. सारे गाव लोटले. ज्याच्या मुंजीत दक्षिणेचा हिशोब केला त्याच गावाच्या घराघरातून जेवणाचे आमंत्रण आले, आणि स्वामी तितकी रूपे घेऊन एकाच वेळी प्रत्येक घरी जेवले. ही कथा ऐकताना लहानपणी मला एकच शंका येई, की आईच्या घरी जेवायला गेले ते रूप कोणते? आईला विचारले तर ती हसायची.

त्या भेटीत रत्नाईने आपले दुःख सांगितले. तिला पुढे कुष्ठ होईल, नवरा संन्यास घेईल, असे भविष्य स्वामींनी सांगितले आणि त्याचे कारण मागच्या जन्मीच्या पापात दाखवले. खरे सांगायचे तर पोथीतला हा भाग मला आवडत नाही. रोगाला पाप म्हणण्याने आपल्याकडे फार माणसे उकिरड्यावर गेली. माझ्या आईलाही कोणी कोणी विचारत की कुठल्या जन्मीचे हे फळ म्हणून. पण एवढे आहे की स्वामींनी बहिणीला टाकले नाही. तिला तीर्थाचा मार्ग दाखवला आणि पुढे आपल्याच छायेत, गाणगापुरात जागा दिली.

कारंज्याहून ते त्र्यंबकेश्वर, गोदातीर, परळी वैजनाथ असे फिरत कृष्णाकाठी आले. भिलवडीच्या पलीकडे औदुंबराखाली एक चातुर्मास राहिले. तिथली एक कथा इथे सांगितलीच पाहिजे. करवीरचा एक मुलगा होता. आईबाप लहानपणीच गेलेले, बुद्धी मंद. मुंज झाली, पण विद्या येईना. लोक म्हणत, बाप एवढा ज्ञानी आणि तू कुळाला बट्टा. तो गाव सोडून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात येऊन पडला. तीन दिवस उपाशी राहिला आणि शेवटी आपली जीभ कापून त्याने देवीपुढे ठेवली. देवीने त्याला नदीपलीकडे औदुंबराकडे पाठवले. स्वामींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. जीभ आली, विद्या आली.

कुरवपुरातला मुलगा, करवीरचा मुलगा, आणि मध्ये नरहरी. एकाच ग्रंथात न शिकणारी, न बोलणारी तीन मुले का यावीत? अभ्यासकांचे उत्तर काहीही असो. ज्या ब्राह्मण समाजात मुलाची किंमत पाठांतरावर ठरत होती त्या समाजाला आपण या मुलांचे काय करतो हे आतून कुठेतरी टोचत असले पाहिजे, असे मला वाटते. त्या तीन मुलांत नरहरी एकटाच असा आहे की ज्याला घरात कोणी हिणवले नाही. कुरवपुरातल्या पोराला आई होती, पण बाप आधी मारणारा आणि नंतर नसलेला. करवीरच्या पोराला दोन्ही नव्हते, म्हणून तो जिभेवर उठला.

मग वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षे. तिथून भीमा आणि अमरजेच्या संगमावर गाणगापूर. तिथे दोन दशकांहून अधिक काळ. बहामनी राजधानीपासून हे ठिकाण फार दूर नव्हते. वांझ म्हशीचे दूध, कुष्ठी ब्राह्मण, शेतकऱ्याचे कापून टाकलेले पीक, बिदरच्या सुलतानाच्या मांडीवरचे फोड, या कथा तुम्हाला ठाऊकच असतील. शके १३८० च्या माघात, म्हणजे १४५९ च्या आरंभी, त्यांनी श्रीशैलाजवळ कर्दळीवनाकडे प्रस्थान ठेवले. पुष्पासनावर बसून ते प्रवाहात दिसेनासे झाले.

माझी आई गेली त्याला आता पंधरा वर्षे झाली. शेवटची काही वर्षे तिला ऐकू कमी येई. घरात आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलायचो आणि ती वैतागायची. भाऊ आला की मात्र दोघे तासन्‌तास बोलत बसत. तो विजेच्या मोटारी गुंडाळायचे काम करीत असे, हात नेहमी काळे. खुणांची त्यांची भाषा शाळेतली नव्हती, पाटीवरच्या गाडीपासून ती दोघांनी मिळून केलेली होती, आणि तिच्यातले निम्मे मला अजून कळत नाही. एकदा मी पाहिले, ती त्याला अकरावा अध्याय सांगत होती. शेळीपाशी आल्यावर तिने दोन बोटे डोक्याला लावून शिंगे दाखवली आणि तो इतका मोठ्याने हसला की शेजारची बाई काय झाले म्हणून पाहायला आली.